गोबी आहे, पण कुठला?

गोबी म्हटलं की आपल्याला कॉलेजच्या गेटबाहेरच्या गाडीवरचं मंच्युरियनच आठवणार. इथे विषय दुसऱ्या गोबीचा आहे. हा मासा. साधारण बोटाएवढा, तळाला टेकून बसणारा, डोळे पार डोक्यावर आलेले आणि चेहऱ्यावर कायम 'काय बघतोयस?' असा भाव. घरी खाऱ्या पाण्याचा फिशटँक ठेवणाऱ्यांचा हा फार लाडका मासा. आणि तितकाच घोटाळ्याचाही.

कारण गोबी हे एका माशाचं नाव नाहीच. ते एका प्रचंड मोठ्या खानदानाचं आडनाव आहे. जवळच्या चुलत घराण्यांसकट धरलं तर जगात गोबींच्या सुमारे 2000 जाती आहेत. 'मी गोबी आणला' असं सांगणं म्हणजे 'काल पाटलांकडे गेलो होतो' असं सांगण्यासारखं. कुठले पाटील? कोणत्या गावचे?

डोंबिवलीतला एक मित्र सध्या याच प्रश्नातून बाहेर आलाय. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांचा पॉकेटमनी आणि एका इंटर्नशिपचं स्टायपेंड घालून त्याने हॉलच्या कोपऱ्यात 75 लिटरचा टँक उभा केला. आरओचं पाणी, त्यात मोजून मिसळलेलं मरीन सॉल्ट, तळाला पांढरी वाळू, दगड, निळा एलईडी. लाइट गेले तर पंप बंद पडू नये म्हणून बॅटरीवरचा एअर पंप. त्यात दोन क्लाउनफिश सुखाने नांदत होते. मग मुंबईतल्या एका दुकानातून तो तिसरा मासा घेऊन आला. पांढुरका, अंगावर केशरी ठिपके, लांबी साधारण आठ सेंटिमीटर. पंधराशे रुपये. 'दादा, कुठला मासा आहे हा?' या प्रश्नाला उत्तर मिळालं, 'गोबी आहे, गोबी.' बिलावर लिहिलं होतं 'मिक्स गोबी - 1 नग'.

घरी आल्यावर आईने विचारलं, खायचा नाही तर एवढे पैसे घालून आणलास कशाला. तो वेगळा विषय.

खरी गोष्ट दहाएक दिवसांनी सुरू झाली. मासा दिसायला मजेत होता, वाळूत खेळायचा, दगडाखाली बीळ केलं होतं. पण वरून टाकलेलं खाणं क्लाउनफिश पटापट उचलायचे आणि हा खालीच राहायचा. एके दिवशी समोरून बघताना मित्राच्या लक्षात आलं, की याचं पोट आत गेलंय. कल्ल्यांच्या मागे खळगा पडल्यासारखा. म्हणजे मासा उपाशी होता. आणि याला काय खायला घालायचं हे ठरवायला आधी हा आहे कोण, ते कळायला हवं होतं.

आजीचा पहिला अंदाज

सुरुवात अगदी मुळापासून झाली. हा नक्की गोबीच आहे ना? या बाबतीत पहिला शेरा मारला तो अलिबागकडच्या आजीने. टँकसमोर खुर्ची टाकून थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, 'ही तर निवटीची बहीण दिसते.' चिखलात उड्या मारणारी, पुढच्या परांवर रेलून बसणारी निवटी कोकणात कोणाला माहीत नाही? आजीचा अंदाज भारी होता. निवट्या पूर्वी गोबींच्याच कुटुंबात मोजल्या जायच्या. अलीकडच्या वर्गीकरणाने त्यांना शेजारच्या घरात हलवलंय, पण नातं पक्कं आहे. डोक्यावरचे डोळे, तळाला टेकून बसणं, लांबुळकं अंग, सगळं घराण्याचं वळण.

पुस्तकी खुणा दोन. पहिली पाठीवर. गोबीच्या पाठीवर पर, म्हणजे फिन, एक नसतो, दोन असतात, सुटे सुटे. गोबीशी कायम गल्लत होणारा ब्लेनी नावाचा मासा आहे, त्याच्या पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच लांब पर असतो. त्यामुळे पाठ बघितली की ब्लेनी बाद. आपल्या माशाच्या पाठीवर दोन होते. पास.

दुसरी खूण पोटाखाली. बहुतेक गोबींचे पोटाखालचे दोन पर एकमेकांना जुळून त्यांची एक वाटी झालेली असते. या वाटीने तो दगडाला, काचेला चिकटून बसतो, लाट आली तरी हलत नाही. गोबी काचेवर बसला की बाहेरून ही वाटी झकास दिसते. आणि इथेच आमच्या मित्राची गाडी अडकली. याच्या पोटाखाली वाटी नव्हती. दोन वेगळे पर होते. मग हा गोबी नाहीच?

आहे. प्रत्येक मोठ्या खानदानात नियम न पाळणारे असतातच. 'स्लीपर गोबी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्हॅलेन्सिएनिया या गटात पोटाखालचे पर सुटेच असतात. कोळंबीसोबत राहणाऱ्या श्रिम्प गोबींमध्येही काही जातींत ते जवळपास सुटे असतात. म्हणजे ज्या खुणेमुळे मासा बाद होणार होता, तिनेच उलट शोध दोन गटांवर आणून ठेवला.

दोन संशयित, एकच वर्णन

आता जरा पोलीस स्टेशनसारखं होतं. संशयित नंबर एक, व्हॅलेन्सिएनिया प्युएलारिस. पांढुरका, केशरी ठिपके. इंग्रजीत 'ऑरेंज स्पॉटेड स्लीपर गोबी'. संशयित नंबर दोन, अँब्लीएलिओट्रिस गुटाटा. पांढुरका, केशरी ठिपके. इंग्रजीत 'ऑरेंज स्पॉटेड श्रिम्प गोबी'.

थांबा, अजून आहे. पहिल्याला धंद्यात 'डायमंड गोबी' म्हणतात, 'मेडन गोबी' म्हणतात आणि कहर म्हणजे 'प्रिटी प्रॉन गोबी' असंही म्हणतात. त्याचा कोळंबीशी काडीचा संबंध नसताना. ज्याने हे नाव पाडलं त्याला भेटायला आवडेल.

नावं सोडा, हे दोघे राहतात मात्र पूर्ण वेगळं आयुष्य. गुटाटाचं कोळंबीशी पार्टनरशिपमध्ये घर असतं. पिस्टल श्रिम्प नावाची कोळंबी वाळूत बीळ खणते आणि दिवसभर बुलडोझरसारखी वाळू बाहेर ढकलत राहते. तिला नीट दिसत नाही. म्हणून ती आपली मिशी सतत गोबीच्या अंगाला लावून ठेवते. गोबी दारात पहारा देतो. धोका दिसला की शेपटी थरथरवतो, कोळंबी आत पळते, पाठोपाठ हाही. एकाने घर बांधायचं, दुसऱ्याने वॉचमनगिरी करायची. असा गोबी बिळाच्या तोंडाशी थांबून पाण्यातून वाहत येणारं खाणं टिपतो. लहान टँकमध्ये तो बऱ्यापैकी जमवून घेतो.

प्युएलारिसचं पोट मात्र वाळूवर चालतं. तो तोंडभर वाळू उचलतो, तोंडातल्या तोंडात चाळतो, त्यातले बारीक कीडे आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव गिळतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. हेच काम दिवसभर. तळ स्वच्छ ठेवतो म्हणून दुकानदार त्याला 'क्लीनर' म्हणून खपवतात. पण तो सफाई कामगार नाही, तो जेवण शोधतोय. नव्या टँकच्या चकचकीत पांढऱ्या वाळूत जेवण नसतंच. लहान टँकमध्ये असलं तरी काही दिवसांत तो ते संपवतो. मग वाळू चाळत राहतो, चाळत राहतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाळत जातो. बघणाऱ्याला वाटतं, काय मस्त बिझी आहे!

म्हणजे प्रश्न नुसता जनरल नॉलेजचा नव्हता. संशयित नंबर दोन असेल तर 75 लिटरमध्ये चालून गेलं असतं, फक्त खाणं बिळाजवळ सोडायचं. नंबर एक असेल तर टँकच चुकीचा होता.

फोटो नको, व्हिडिओ काढ

मित्राने आधी केलं ते कोणीही केलं असतं. मोबाइलने फोटो काढून सर्चमध्ये टाकला. पहिल्या फोटोला एक नाव, दुसऱ्याला दुसरं, तिसऱ्याला चक्क गोड्या पाण्यातला मासा. यात ॲपला शिव्या घालण्यात अर्थ नाही. फोटो निळ्या एलईडीखाली काढलेले होते. त्या उजेडात केशरी तपकिरी दिसतं, पांढरं जांभळं दिसतं आणि बारीक खुणा गायब होतात. ज्या माशाची ओळख रंगावर ठरवायची, त्याचे रंगच खोटे.

मग त्याने पद्धत बदलली. निळा लाइट बंद करून पांढरा लावला. काच आतून-बाहेरून पुसली. मासा आडवा, पूर्ण बाजूने दिसेल आणि पाठीवरचे पर उघडलेले असतील अशी वेळ साधली. एक फोटो पूर्ण अंगाचा, एक फक्त डोक्याचा, एक खालून पोटाचा. काचेला बाहेरून पट्टी चिकटवली, म्हणजे लांबीचा अंदाज येतो. जाळीने मासा बाहेर काढायचा नाही हे पक्कं, कारण आधीच अशक्त झालेल्या माशाला तो धक्का सोसला नसता. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे सेमिस्टरच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर मोबाइल टेकवून त्याने तासभराचा व्हिडिओ काढला आणि स्वतः खोलीबाहेर गेला. माणूस समोर असला की गोबी वेगळा वागतो.

त्या व्हिडिओत सगळं होतं. मासा बिळाला धरून नव्हता, पूर्ण टँकभर फिरत होता. दर थोड्या वेळाने तोंड वाळूत, गाल फुगलेले आणि मग कल्ल्यांतून वाळूची बारीक धार. पहारा देणारा वॉचमन असं ड्युटी सोडून हिंडत नाही. शिवाय गुटाटाच्या पोटाकडे दिसणारा काळसर भाग याच्याकडे नव्हता. डायमंड गोबी, म्हणजेच व्हॅलेन्सिएनिया प्युएलारिस. जो पूर्ण वाढला तर 15-20 सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. ज्याच्यासाठी जाणकार दोनेकशे लिटरचा, जुना, बारीक वाळूचा टँक सुचवतात.

सम्राटाचा मासा

या सगळ्या शोधात मित्राला एक किस्सा सापडला, जो ऐकल्यावर आम्ही दोघंही उडालो. जगातल्या गोबीतज्ज्ञांमध्ये जपानचे माजी सम्राट अकिहितो यांचं नाव आदराने घेतलं जातं. हौशी वगैरे नाही, खरेखुरे संशोधक. युवराज असताना 1963 साली त्यांनी गोबींच्या खांद्याच्या हाडावर शोधनिबंध लिहिला. 1989 ते 2019 सम्राट म्हणून काम केलं, गादी सोडली आणि 2021 मध्ये सहकाऱ्यांसोबत गोबींच्या दोन नव्या जाती जगासमोर मांडल्या. एका गोबीला आणि गोबींच्या एका अख्ख्या गटाला त्यांचं नाव आहे.

त्यांच्या कामाचा संबंध आपल्या विषयाशी असा, की ते रंगावर विसंबले नाहीत. गोबीच्या डोक्यावर बारीक छिद्रं आणि टाचणीच्या टोकाहून लहान पुटकुळ्या असतात. पाण्यातली हालचाल त्यांना यांतून जाणवते. हे ठिपके कुठल्या ओळीत, कशा रचनेत आहेत ते प्रत्येक जातीत वेगळं असतं, जणू माशाचं फिंगरप्रिंट. सूक्ष्मदर्शकाखाली बसून ही रचना आणि हाडं बघत जाती वेगळ्या करणं हे अकिहितोंचं काम. हॉलमधल्या टँकमध्ये हे करता येत नाही, मान्य. म्हणून काही गोबींची ओळख घरबसल्या गटापर्यंतच थांबते आणि ते तसं थांबू देणं हेच प्रामाणिक असतं.

अभ्यासक अनोळखी मासा हातात आला की आणखी एक प्रश्न विचारतात. कुठे सापडला? एकदा जागा कळली, की दोन हजारांची यादी शे-दीडशेवर येते. दुकानातल्या माशाकडे नेमकं हेच नसतं. खाऱ्या पाण्याचे शोभेचे मासे बहुतांश समुद्रातून पकडलेले असतात. पकडणारा, जमा करणारा, निर्यातदार, आयातदार, होलसेलवाला, दुकान. या प्रत्येक पायरीवर माशाचा पत्ता पुसट होत जातो आणि शेवटी पिशवीवर उरतं 'मिक्स गोबी'. आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी फोटो टाकला तरी टँकमधला मासा 'पाळीव' म्हणून वेगळा काढला जातो आणि ओळख पटवणाऱ्यांची नजर तिकडे कमी वळते.

आणि ज्याला गोबी म्हणून विकतात तो गोबी असतोच असंही नाही. 'मँडरिन गोबी' हा गोबी नाही, ड्रॅगोनेट आहे. दिसायला पैठणीसारखा, आणि जिवंत बारीक खाणं सतत मिळालं नाही तर उपाशी मरणारा. 'इंजिनीअर गोबी' हाही गोबी नाही. लहानपणी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा गोंडस दिसतो, मग वामसारखा लांब होत फूटभर वाढतो आणि बिळं खणून दगड पाडतो. (मित्राला हे नाव फार आवडलं. कारण उघड आहे.) दुकानात नाव चुकलं की पंधराशे रुपये जातात ते आपले, जीव जातो तो माशाचा. 'सगळ्या गोबींना सेमच खाणं लागतं' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या काउंटरवर माझा तरी विश्वास उरलेला नाही.

पुढे काय झालं

नाव कळल्यावर मित्राने लगेच दोन गोष्टी केल्या. फ्रोझन मायसिस, म्हणजे बारीक कोळंबीसारखे जीव, दिवसातून चार वेळा लांब नळीने थेट वाळूवर सोडायला लागला. आधी क्लाउनफिशना वरच्या बाजूला खाण्यात गुंतवायचं, मग खाली. टँकवर जाळीचं झाकण बसवलं, कारण हे मासे उडी मारून बाहेर पडण्यात पटाईत. लेक्चरच्या वेळेत दुपारची पाळी आजीकडे. तिने ती इमानदारीत सांभाळली आणि 'निवटीने खाल्लं' असा मेसेज रोज घरच्या ग्रुपवर टाकला.

तीनेक आठवड्यांत पोटाचा खळगा थोडा भरला. पण 75 लिटर ते 75 लिटरच. दुकानाने मासा परत घ्यायला नकार दिला. समुद्रात किंवा खाडीत सोडून देऊ, असं घरात कोणीतरी सुचवलं. असं अजिबात करायचं नसतं. हा मासा कुठल्या समुद्रातला, त्याच्यासोबत कुठला रोग येतोय, काहीच माहीत नसतं. शेवटी ठाण्यात एका दादांकडे 400 लिटरचा, पाच वर्षं चाललेला टँक मिळाला. एका रविवारी थर्माकोलच्या खोक्यात, पिशवीत अर्धं पाणी आणि अर्धी हवा भरून, लोकलच्या सेकंड क्लासमधून गोबी ठाण्याला गेला. परवा त्यांनी व्हिडिओ पाठवला. पोट गोल आहे. अख्ख्या टँकची वाळू त्याने इकडची तिकडे केलीय आणि दादांचा एक आवडता कोरल त्यात गाडला गेलाय.

डोंबिवलीचा टँक आता पुन्हा दोन क्लाउनफिशचा. नवा मासा घ्यायची मित्राला घाई नाही. पण गोबीचा किडा डोक्यात शिरलाय तो शिरलाच. उधाणाच्या दिवसांत, ओहोटी खूप खाली जाते तेव्हा तो आता मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर जातो. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी 2017 पासून हाजी अली, कार्टर रोडसारख्या ठिकाणी लोकांना खडकांतली ही दुनिया दाखवत आहेत. तिथल्या डबक्यांमध्ये, प्लास्टिकच्या शेजारी, तपकिरी ठिगळांचा एक गोबी हमखास असतो. डस्की फ्रिलगोबी, बॅथिगोबियस फुस्कस. ओळखायची खूण म्हणजे कल्ल्यामागच्या पराच्या वरच्या कडेला सुट्या धाग्यांसारखी झालर. याचाच अटलांटिकमधला एक भाऊ भरतीच्या वेळी पोहताना आजूबाजूच्या खड्ड्यांचा नकाशा डोक्यात बसवतो आणि ओहोटीला संकट आलं की न दिसणाऱ्या शेजारच्या डबक्यात बरोब्बर उडी मारतो. हे लेस्टर आरॉन्सन या शास्त्रज्ञाने 1951 मध्येच नोंदवून ठेवलंय.

इथे काही उचलून घरी आणायचं नाही. प्रवाळ आणि समुद्री घोडे तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. पायाखाली बघत चालायचं, उलटवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवायचा, फोटो काढायचा. मागच्या खेपेला मित्राने अकरा फोटो काढले, त्यातल्या दोनच गोबींची ओळख पटली. बाकीच्या नऊंच्या फोटोखाली निदान जागा, तारीख आणि ओहोटीची वेळ लिहिलेली आहे.